भूकंप एका अंकानं मोठा, तर हादरा किती मोठा? जमिनीच्या हादऱ्याचं मॉडेल बसवण्याची पद्धत

भूकंपाची बातमी आली की पाठोपाठ एक वाक्य हमखास येतं: मॅग्निट्यूड एकानं वाढलं म्हणजे हादरा दहापट. ही दहापट आली रिश्टरच्या १९३५ च्या व्याख्येतून. वुड-अँडरसन नावाच्या ठरावीक उपकरणानं कागदावर काढलेल्या रेषेची उंची दहापट झाली की मॅग्निट्यूड एकानं वाढवायचं, असं त्यानं ठरवलं होतं. इमारतीखालची जमीन मात्र त्या व्याख्येला बांधील नाही.

खरे आकडे बघा. बूर, स्ट्यूअर्ट, सेहान आणि अॅटकिन्सन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेलं मॉडेल जगभर वापरलं जातं. आडव्या सरकीचा भ्रंश (भ्रंश म्हणजे जमिनीतली ज्यावर खडक सरकतो ती भेग), खडकाळ जागा आणि भ्रंशापासून २० किलोमीटर अंतर घेतलं तर त्यातून जमिनीचं कमाल त्वरण, म्हणजे पीजीए, असं निघतं: मॅग्निट्यूड ४ ला सुमारे ०.००४ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण), ५ ला ०.०३, ६ ला ०.१० आणि ७ ला ०.१५ जी. म्हणजे चारवरून पाचवर जाताना जवळजवळ सातपट, पाचवरून सहावर सव्वातीनपट आणि सहावरून सातवर जेमतेम दीडपट. दहापट कुठंच नाही, आणि तिन्ही पायऱ्यांची वाढ एकसारखीही नाही.

ही वाढ अशी का मंदावते आणि आपल्याकडच्या नोंदींवरून तिचं मॉडेल कसं बसवायचं, ते इथं क्रमानं मांडलं आहे. स्थापत्य किंवा भूभौतिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना, तसंच भूकंपधोक्याचे अहवाल वाचावे लागणाऱ्या अभियंत्यांना हे उपयोगी पडेल. उदाहरणासाठी कोयना-वारणा परिसर घेतला आहे. तिथं १९६० च्या दशकापासून लहान धक्के सतत येत आहेत आणि मोठा एकच आला, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, मॅग्निट्यूड ६.३. धरण मात्र त्या मोठ्यालाच तोंड देईल असं बांधायचं असतं. नोंदी लहानांच्या आणि प्रश्न मोठ्याचा, ही तिथली खरी अडचण आहे.

पायरी १: नक्की काय मोजायचं ते ठरवा

'हादरा' म्हणजे काय हे ठरवल्याशिवाय आकडेमोडीला हात घालू नका. पीजीए हवं, पीजीव्ही म्हणजे कमाल वेग हवा, की ठरावीक आवर्तकाळाचं स्पेक्ट्रल त्वरण, म्हणजे त्या आवर्तकाळानं डुलणाऱ्या साध्या रचनेला जाणवणारं कमाल त्वरण हवं? एकमजली दगडी घराचा आवर्तकाळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास, दहा मजली इमारतीचा एक सेकंदाच्या आसपास. मॅग्निट्यूडबरोबर होणारी वाढ या दोघांसाठी अगदी वेगळी असते, म्हणून एकाच मापावर काम भागत नाही. निदान तीन मापं घ्या: पीजीए, ०.२ सेकंद आणि १ सेकंद.

दोन आडव्या दिशांच्या नोंदी एकत्र कशा करायच्या तेही आताच ठरवा. हल्ली आडवी नोंद सगळ्या कोनांतून फिरवून तिच्या कमाल मूल्यांचा मध्यक घेतात. त्याला रॉटडी५० म्हणतात. काही जुनी सूत्रं दोनपैकी मोठा घटक घेतात, काही भूमितीय सरासरी. तुलना करताना ही गल्लत झाली तर फरक भूकंपाचा आहे की व्याख्येचा, तेच कळत नाही.

पायरी २: सगळी मॅग्निट्यूडं एका मापात आणा

मॉडेलमध्ये मोमेंट मॅग्निट्यूडच वापरा. त्याचा पाया भौतिक आहे. भूकंपाचा मोमेंट म्हणजे खडकाची ताठरता, तुटलेल्या पृष्ठाचं क्षेत्रफळ आणि सरासरी सरक यांचा गुणाकार. न्यूटन-मीटरमधल्या मोमेंटचा दशमान लॉग हा १.५ गुणिले मॅग्निट्यूड अधिक ९.०५ एवढा असतो. म्हणजे मॅग्निट्यूड एकानं वाढलं की मोमेंट ३१.६ पट आणि दोननं वाढलं की हजारपट.

जुन्या यादीत स्थानिक मॅग्निट्यूड, बॉडी-वेव्ह मॅग्निट्यूड, सरफेस-वेव्ह मॅग्निट्यूड असं सगळं मिसळलेलं असतं. १९६७ च्या कोयना धक्क्यासाठीच धरण अभियांत्रिकीच्या लेखनात ६.५ हा आकडा बराच वापरलेला दिसतो. शिवाय बॉडी-वेव्ह मॅग्निट्यूड मोठ्या भूकंपांना अडखळतं. भूकंप वाढत जातो, आकडा तिथंच थांबतो. त्यामुळे रूपांतराचं सूत्र वापरा, आणि ते सूत्र कोणत्या मॅग्निट्यूडपर्यंत लागू आहे हे यादीत नोंदवून ठेवा.

या चुकीचा फटका लहान भूकंपांना जास्त बसतो, हे सहसा ध्यानात येत नाही. वरच्याच आकड्यांवरून हिशेब करा. चार ते पाचच्या पट्ट्यात मॅग्निट्यूड ०.२ नं चुकलं, तर अपेक्षित पीजीए सुमारे दीडपट इकडे-तिकडे होतं. सहा ते सातच्या पट्ट्यात तेवढ्याच चुकीनं आठ-नऊ टक्क्यांचाच फरक पडतो. कोयनेसारख्या लहान भूकंपांच्या संचात जो विखुरलेपणा दिसतो, त्यातला बराचसा मॅग्निट्यूडच्या अनिश्चिततेतूनच आलेला असू शकतो. म्हणून रूपांतरावर खर्च केलेला वेळ वाया जात नाही.

पायरी ३: नोंदी निवडा आणि स्वच्छ करा

नोंदी तुमच्या परिसरातल्या असाव्यात हे उघड आहे, पण तेवढ्या मिळत नाहीत. भारतात स्ट्राँग मोशन, म्हणजे जोरदार हादरे मोजणाऱ्या उपकरणांचा मोठा वाटा हिमालयात आहे. रुरकीच्या आयआयटीनं बसवलेलं जाळं मुख्यतः तिथलंच. दख्खनच्या पठारावर मोठ्या धक्क्यांच्या जवळच्या नोंदी जवळजवळ नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या मुख्य धक्क्याची जवळच्या अंतरावरची अशी नोंद उपलब्ध नाही. कोयनेत १९६७ ला मिळालेली नोंद धरणाच्या आतल्या गॅलरीतल्या उपकरणाची आहे. तिच्यात एका आडव्या घटकाचं कमाल त्वरण ०.६३ जी इतकं आहे. तो आकडा अमूल्य आहे, पण उघड्या जमिनीवरचा नाही. धरणाचं स्वतःचं वागणं त्यात मिसळलेलं असू शकतं. रिग्रेशनमध्ये, म्हणजे नोंदींवर सूत्र बसवताना, तो इतर नोंदींच्या पंगतीला बसवू नका. शेवटी पडताळणीसाठी वापरा, तोही जपून.

स्वच्छतेत तीन गोष्टी महत्त्वाच्या. एक, बेसलाइन सरळ करा. दोन, कमी वारंवारतेचा गोंगाट गाळणीनं काढा आणि गाळणीची सीमा प्रत्येक नोंदीपुढे लिहा. गाळणी ०.५ हर्ट्झला लावली असेल तर त्या नोंदीचं स्पेक्ट्रम साधारण १.६ सेकंदांपर्यंतच विश्वासार्ह. दोन सेकंदांच्या रिग्रेशनमधून ती नोंद बाहेर. लहान भूकंपांत दीर्घ आवर्तकाळाची ऊर्जा मुळातच कमी, त्यामुळे दीर्घ आवर्तकाळाकडे जाल तसे लहान भूकंप गळत जातात आणि मॅग्निट्यूडची व्याप्ती आक्रसते. तीन, सॅम्पलिंग बघा. बेसाल्टच्या कठीण खडकावर लहान, जवळचा धक्का फार तीक्ष्ण असतो. सेकंदाला १०० नमुने म्हणजे ५० हर्ट्झच्या वरचं काही दिसत नाही, आणि उपकरणाची आतली गाळणी त्याच्याही आधी कापते. २०० नमुने मिळत असतील तर तेच घ्या.

यानंतर येतो लपलेला पक्षपात. स्ट्राँग मोशन उपकरण ठरावीक त्वरण ओलांडल्यावरच नोंद सुरू करतं. मॅग्निट्यूड ४ चा भूकंप ८० किलोमीटरवरच्या ज्या ठिकाणी नेहमीपेक्षा जोरात जाणवला तिथलीच नोंद होते, बाकीच्या ठिकाणची उपकरणं गप्प राहतात. अशा नोंदींवर सूत्र बसवलं की लहान भूकंप दूरवर खऱ्यापेक्षा जोरदार दिसतात आणि मॅग्निट्यूडनुसार होणारी वाढ खऱ्यापेक्षा कमी निघते. उपाय सोपा, पण मन घट्ट करावं लागतं: प्रत्येक भूकंपासाठी ज्या अंतरावर पहिलं उपकरण गप्प राहिलं, त्यापलीकडच्या सगळ्या नोंदी टाकून द्या. सतत नोंद घेणारी उपकरणं असतील तर हा प्रश्न राहत नाही.

पायरी ४: रिग्रेशनच्या आधी भौतिकशास्त्राला विचारा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथंच द्यावा. सॉफ्टवेअरला नोंदी दिल्या की सहगुणक मिळतातच. ते शहाणे आहेत की नाहीत हे ओळखायचं तर उत्तर कसं दिसायला हवं, ते आधी माहीत हवं.

ब्रून यांनी १९७० मध्ये मांडलेलं स्रोताचं मॉडेल त्यासाठी पुरेसं आहे. त्यात भूकंपाच्या त्वरणाचं फूरिये स्पेक्ट्रम दोन तुकड्यांचं असतं. एका वारंवारतेपर्यंत ते वारंवारतेच्या वर्गानं वाढतं आणि तिथून पुढं सपाट होतं. हे वळण म्हणजे कॉर्नर फ्रिक्वेन्सी. तिचं सूत्र असं: ०.४९ गुणिले शिअर लहरींचा वेग गुणिले (स्ट्रेस ड्रॉप भागिले मोमेंट) याचं घनमूळ. स्ट्रेस ड्रॉप म्हणजे भ्रंश सरकल्यावर त्याच्यावरचा ताण जेवढा उतरतो तेवढा. एककं सगळी एसआय.

वेग ३५०० मीटर प्रति सेकंद आणि स्ट्रेस ड्रॉप १० मेगापास्कल घेऊन हिशेब करा. मॅग्निट्यूड ४ ला कॉर्नर फ्रिक्वेन्सी सुमारे ३.५ हर्ट्झ येते, ५ ला १.१, ६ ला ०.३५ आणि ७ ला ०.११ हर्ट्झ. हे चार आकडे समोर ठेवले की बाकीचं उलगडतं.

कॉर्नरच्या खालच्या वारंवारतांवर, म्हणजे दीर्घ आवर्तकाळाला, स्पेक्ट्रम थेट मोमेंटच्या प्रमाणात असतं: एका मॅग्निट्यूडला ३१.६ पट. कॉर्नरच्या वर ते मोमेंटच्या घनमुळाच्या प्रमाणात: एका मॅग्निट्यूडला ३.१६ पट. मॅग्निट्यूड वाढतं तसा कॉर्नर डावीकडे सरकतो. ज्या वारंवारतेत तुम्हाला रस आहे ती आधी कॉर्नरच्या खाली असते, मग वर जाते, आणि वाढ ३१.६ पटीकडून ३.१६ पटीकडे उतरते. १ हर्ट्झला हा बदल मॅग्निट्यूड ५ च्या आसपास होतो, कारण ५ चा कॉर्नरच १.१ हर्ट्झला आहे. ५ हर्ट्झला तो मॅग्निट्यूड ४ च्याही खाली होऊन गेलेला असतो.

पीजीएची वाढ याहूनही मंदावते, कारण तिथं कालावधी आडवा येतो. मोठ्या भूकंपाची जास्तीची ऊर्जा एकाच क्षणी येत नाही. स्रोताचा कालावधी साधारण कॉर्नर फ्रिक्वेन्सीच्या व्यस्ताइतका असतो. म्हणजे ४ ला पाव सेकंदाहून थोडा जास्त, ६ ला सुमारे ३ सेकंद, ७ ला ९ सेकंद. स्पेक्ट्रम ३.१६ पट म्हणजे ऊर्जा त्याच्या वर्गाइतकी, दहापट झाली, तरी ती ३.१६ पट वेळात पसरली, म्हणून सरासरी-वर्गमूळ त्वरण फक्त १.७८ पट. लांब हादऱ्यात एखादा शिखरबिंदू उंच निघण्याची शक्यता जरा वाढते, त्यामुळे पीजीए दुपटीच्या आसपास जातं. सुरुवातीच्या यादीतली उतरती वाढ इथून येते. तिथं २० किलोमीटरवर सहा ते सातमध्ये दुपटीहूनही कमी, दीडपटच वाढ दिसते. त्यात जवळच्या अंतराचा परिणाम मिसळलेला आहे. तो सहाव्या पायरीत बघू.

स्ट्रेस ड्रॉप हा यातला नाठाळ घटक. तो दुप्पट केला की उच्च वारंवारतेचं स्पेक्ट्रम १.६ पट होतं. मॅग्निट्यूडबरोबर स्ट्रेस ड्रॉप स्थिर राहतो की हळूहळू वाढतो यावर संशोधक अजून भांडतात. तुमच्या परिसरातल्या लहान भूकंपांची स्पेक्ट्रमं काढून तो बदलतो का, हे तपासाच. तपासताना एक सापळा आहे: मॅग्निट्यूड ३ चा कॉर्नर ११ हर्ट्झला येतो आणि तिथं जागेजवळच्या खडकात लहरींचा होणारा क्षय, ज्याला कापा म्हणतात, आधीच स्पेक्ट्रम खाली खेचत असतो. कापाची दुरुस्ती न करता कॉर्नर वाचला तर लहान भूकंपांचे स्ट्रेस ड्रॉप खोटेच कमी दिसतात.

हा सगळा हिशेब यंत्रावर करायला बूर यांचा एसएमसिम हा संच आहे. पायथनमध्येही शंभरेक ओळींत जमतो. मॅग्निट्यूड ३ ते ७.५, अर्ध्या-अर्ध्या अंकानं, तीन अंतरांवर चालवा आणि आलेख भिंतीवर लावा.

पायरी ५: सूत्राचा आकार निवडा

सरळ रेषा, म्हणजे लॉग-हादरा मॅग्निट्यूडच्या प्रमाणात, ही पहिली ओढ असते. ती काय करते ते बघा. २० किलोमीटरवर चार ते पाचमधली ६.८ पट हीच पुढं ताणली, तर ७ ला सुमारे १.४ जी येतं. मॉडेलचा आकडा आहे ०.१५. नऊपट चूक, आणि रिग्रेशनचा आर-वर्ग तरीही सुंदर दिसतो, कारण नोंदी सगळ्या पाचच्या खालच्याच.

दुसरा पर्याय वर्गपद. भारतीय द्वीपकल्पासाठी रघुकांत आणि अय्यंगार यांनी २००७ मध्ये दिलेलं सूत्र या धाटणीचं आहे:

लॉ(हादरा) = अ + ब (म − ६) + क (म − ६)² − लॉ(र) − ड र

इथं म हे मोमेंट मॅग्निट्यूड, र हे नाभीपासूनचं, म्हणजे जमिनीखाली भूकंप जिथं सुरू झाला त्या बिंदूपासूनचं अंतर, लॉ म्हणजे नैसर्गिक लॉग आणि अ, ब, क, ड हे सहगुणक. क ऋण असतो, म्हणून वाढ मंदावते: त्यांच्या पीजीएच्या सहगुणकांनी पाचवरून सहावर सुमारे २.७ पट आणि सहावरून सातवर २.३ पट. सूत्र सुटसुटीत आहे, पण एक गोष्ट डोळ्यांआड करू नका. या रचनेत मॅग्निट्यूडची पदं आणि अंतराची पदं एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून हे गुणोत्तर पाच किलोमीटरवर आणि दोनशे किलोमीटरवर अगदी तेच राहतं.

वर्गपदाचा दुसरा धोका असा की परवलय कुठंतरी शिखर गाठून खाली वळतं. लहान भूकंपांवर बसवलेलं परवलय साडेसहा-सातलाच वळू शकतं आणि मग आठचा भूकंप सातपेक्षा सौम्य असल्याचं सांगतं.

तिसरा पर्याय बिजागरीचा. एका मॅग्निट्यूडपर्यंत वर्गपद, तिथून पुढं सरळ रेषा, मंद चढाची. सुरुवातीला उल्लेख केलेल्या २०१४ च्या मॉडेलमध्ये बिजागरी पीजीएसाठी ५.५ ला आहे आणि दीर्घ आवर्तकाळाला ६.२ पर्यंत सरकते. चौथ्या पायरीतला सरकता कॉर्नर आठवला तर ही जागा अशीच का, हे वेगळं सांगायला नको. तुमच्याकडे बिजागरीच्या वर पुरेसे भूकंप नसतील, तर वरच्या रेषेचा चढ नोंदींवर सोडू नका. सिम्युलेशनमधून काढून पक्का बांधा.

पायरी ६: अंतर हे मॅग्निट्यूडचंच दुसरं टोक

मोठा भूकंप बिंदू नसतो. वेल्स आणि कॉपरस्मिथ यांच्या १९९४ च्या सूत्रानं तुटलेल्या भागाची लांबी मॅग्निट्यूड ५ ला सुमारे ३ किलोमीटर, ६ ला १२-१३, ७ ला ४९ आणि ८ ला १९० किलोमीटर येते. कोयनेच्या ६.३ ला १९ किलोमीटर. भ्रंशाच्या काठावरच्या माणसाला अपिकेंद्र दहा किलोमीटरवर होतं की अठरा, याला फारसा अर्थ नाही. त्याच्या पायाखालचा तुकडा तुटला हे महत्त्वाचं.

गणपतीच्या मिरवणुकीत रस्त्याकडेला उभं राहिलं की समोरून जाणारे ढोल तेवढे कानठळ्या बसवतात. पथक दुप्पट लांब असलं तर आवाज दुप्पट होत नाही, मिरवणूक सरायला वेळ दुप्पट लागतो. भ्रंशाजवळ नेमकं हेच घडतं. मॅग्निट्यूड ७ चा पन्नास किलोमीटरचा भ्रंश असला तरी उच्च वारंवारतेचा हादरा जवळच्या तुकड्याचाच. लांबचे तुकडे कालावधीत भर घालतात. त्याच मॉडेलनं भ्रंशापासून एक किलोमीटरवर ६ ला ०.४० जी आणि ७ ला ०.४५ जी येतं, म्हणजे फक्त १३ टक्के वाढ. शंभर किलोमीटरवर मात्र सहावरून सातवर दुप्पट वाढ होते, कारण तिथून पूर्ण भ्रंश एकत्रच दिसतो.

हे सूत्रात आणायला दोन गोष्टी करा. पहिली, अंतर भ्रंशापासूनचं घ्या: भ्रंशपृष्ठापर्यंतचं सर्वांत जवळचं, किंवा जमिनीवरच्या त्याच्या सावलीपर्यंतचं, ज्याला जॉयनर-बूर अंतर म्हणतात. पाचच्या खालच्या भूकंपांना नाभीपासूनचं अंतर चालतं, पण सूत्रात दोन्ही प्रकार मिसळताना रूपांतर करा. त्या अंतराच्या वर्गात एका काल्पनिक खोलीचा वर्ग मिळवून वर्गमूळ घ्या, म्हणजे शून्य अंतराला सूत्र फुटत नाही. २०१४ च्या मॉडेलमध्ये पीजीएसाठी ही खोली ४.५ किलोमीटर आहे. दुसरी, लॉग-अंतराचा सहगुणक मॅग्निट्यूडवर अवलंबून ठेवा, म्हणजे भूकंप मोठा असेल तसा क्षय अंतरानुसार मंद होईल. अंतर आणि मॅग्निट्यूड यांचं मिश्रण इथं होतं, आणि वरच्या साध्या सूत्रात नेमकी हीच गोष्ट नाही.

खडकाचा स्वभाव प्रदेशागणिक बदलतो, म्हणून दूरच्या अंतराचा क्षय उसना घेऊ नका. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये पासपोर्ट ऑफिसच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या उपकरणानं सुमारे ०.११ जी नोंदवलं. कॅलिफोर्नियाच्या क्षयानं खडकासाठी तिथं शतांश जीच्या आसपास आकडा येतो. त्यातला काही फरक साबरमतीकाठच्या मातीचा, काही इमारतीचा, पण द्वीपकल्पाच्या जुन्या, घट्ट कवचात लहरी दूरवर कमी विरतात हेही खरं.

मातीचं काम इथं थोडक्यात आटोपतो: वरच्या ३० मीटरमधला शिअर लहरींचा सरासरी वेग प्रत्येक ठिकाणासाठी मिळवा आणि तो सूत्रात घाला. मोजलेला नसेल तर खडक, मुरूम, खोल काळी माती असे गट करा.

पायरी ७: रिग्रेशन

एका भूकंपाच्या चाळीस नोंदी असल्या, तरी मॅग्निट्यूडबद्दल त्या एकच साक्ष देतात. साधं लघुत्तम-वर्ग रिग्रेशन त्यांना चाळीस साक्षी धरतं, आणि भरपूर नोंदींचा एखादा भूकंप मॅग्निट्यूडचा चढ आपल्याकडे ओढून नेतो. जॉयनर आणि बूर यांनी १९८१ मध्ये यावर दोन टप्प्यांची युक्ती काढली: आधी अंतराचा आकार आणि प्रत्येक भूकंपाची पातळी, मग त्या पातळ्यांवर मॅग्निट्यूडची रेषा. आज अॅब्रहॅमसन आणि यंग्ज यांच्या १९९२ च्या पद्धतीनं मिश्र-परिणाम रिग्रेशन करतात. आर मधलं एलएमई४ किंवा पायथनमधलं स्टॅट्समॉडेल्स यासाठी पुरतं. सूत्र अरेषीय असेल तर एनएलएमई.

उत्तरात विखुरलेपणाचे दोन भाग मिळतात. भूकंपाभूकंपातला, त्याला टाऊ म्हणतात, आणि एकाच भूकंपातल्या ठिकाणांमधला, तो फाय. दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की एकूण सिग्मा.

खऱ्या नोंदींवर चालवण्याआधी एक खोटा संच तयार करा. मॅग्निट्यूडं आणि अंतरं तुमच्या खऱ्या संचातलीच ठेवा, हादरे मात्र स्वतः ठरवलेल्या सहगुणकांतून आणि विखुरलेपणातून बनवा. मग रिग्रेशन चालवा. टाकलेले सहगुणक परत मिळाले नाहीत, तर तुमच्या नोंदींमध्ये ते सांगण्याची ताकद नाही. हे काम एका दुपारचं आहे आणि पुढचे कित्येक आठवडे वाचवतं.

पायरी ८: उरलेल्या फरकांची झाडाझडती

मोजलेलं वजा भाकीत, असे फरक दोन आलेखांवर मांडा. भूकंपाच्या पातळीचे फरक मॅग्निट्यूडसमोर, ठिकाणाच्या पातळीचे अंतरासमोर. पहिल्यात उतार किंवा वाक दिसला तर सूत्राचा आकार चुकला. दुसऱ्यात फक्त जवळच्या अंतरावर वाक असेल तर काल्पनिक खोली तपासा, फक्त दूरच्या टोकाला असेल तर तिसऱ्या पायरीतला, गप्प राहिलेल्या उपकरणांचा पक्षपात. कोयनेच्या संचात आणखी एक आलेख हवा: फरक खोलीसमोर. इथले बहुतेक धक्के दहा किलोमीटरपेक्षा उथळ आहेत, आणि खोलीनुसार स्ट्रेस ड्रॉप बदलत असेल तर तो मॅग्निट्यूडचा परिणाम असल्याचा भास होतो.

चौथ्या पायरीत भिंतीवर लावलेला आलेखही आता काढा. नोंदींच्या पट्ट्यात तुमची रेषा आणि सिम्युलेशन यांचा चढ जुळतो का? नसेल जुळत, तर बहुतेक वेळा दोष कापाचा किंवा मॅग्निट्यूडच्या रूपांतराचा निघतो.

पायरी ९: लहानावरून मोठ्याकडे

पाचच्या खालच्या नोंदी मॅग्निट्यूड ६.५ बद्दल थेट काहीच सांगत नाहीत. त्या फक्त परिसराचे गुण सांगतात: स्ट्रेस ड्रॉप, क्षय, कापा, जागेमुळे हादऱ्यात होणारी वाढ. मोठ्या भूकंपाचा आकार दुसरीकडूनच आणावा लागतो. त्यासाठी दोन रस्ते आहेत आणि दोन्ही चालून बघावेत.

पहिला: लहान भूकंपांतून काढलेले गुण घेऊन मोठा भूकंप सिम्युलेट करा. तेव्हा बिंदूस्रोत चालणार नाही. भ्रंशाचे लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकडा योग्य उशिरानं फुटेल अशी रचना हवी. एक्ससिम हा संच ते करतो. दुसरा: भरपूर नोंदींच्या प्रदेशातलं जागतिक मॉडेल घ्या, त्यातला मॅग्निट्यूडचा आकार तसाच ठेवा आणि फक्त पातळी, क्षय आणि जागेचं पद आपल्या नोंदींवर नव्यानं बसवा. ओपनक्वेकमध्ये ही जागतिक मॉडेलं तयार मिळतात, २००७ चं द्वीपकल्पाचं सूत्रही त्यात आहे.

दोन रस्त्यांची उत्तरं वेगळी येतील. सरासरी काढून मोकळं होण्याचा मोह टाळा. दोन्ही ठेवा, प्रत्येकाला वजन द्या आणि तो फरक धोक्याच्या हिशेबात ज्ञानाची अनिश्चितता म्हणून पुढं न्या. १९६७ ची गॅलरीतली नोंद इथं उपयोगी पडते: ६.३ साठी, भ्रंशाजवळच्या अंतरावर, तुमच्या दोन्ही मॉडेलांच्या पट्ट्यात ०.६३ जी कुठं पडतं? मध्यरेषेच्या वर पडलं तर दचकू नका. पट्ट्याच्या पार बाहेर पडलं, तर धरणानं किती वाढवलं हे शोधल्याशिवाय मॉडेलला हात लावू नका.

पायरी १०: आकडा हाती देताना

मध्यकासोबत सिग्मा द्याच. मोठ्या भूकंपांसाठी पीजीएचा नैसर्गिक लॉगमधला एकूण सिग्मा ०.६ च्या आसपास येतो, म्हणजे ८४ टक्क्यांची पातळी मध्यकाच्या १.८ पट. सहावरून सातवर जाताना २० किलोमीटरवर होणारी वाढ दीडपट होती, हे शेजारी ठेवून बघा. मॅग्निट्यूड एकानं वाढवण्यापेक्षा सिग्मा विसरणं महाग पडतं.

मॉडेलच्या पहिल्याच पानावर मॅग्निट्यूडचा पट्टा, अंतराचा पट्टा, अंतराची व्याख्या, आडव्या घटकाची व्याख्या आणि सर्वांत लांब विश्वासार्ह आवर्तकाळ लिहा. मॅग्निट्यूडचे दोन पट्टे द्या: नोंदींनी आधार दिलेला आणि सिम्युलेशननं ताणलेला. आलेखातही दुसऱ्या पट्ट्यातली रेषा तुटक काढा, म्हणजे वाचणाऱ्याला कुठपर्यंत मोजलेलं आहे आणि कुठून पुढं हिशेब आहे ते न विचारता दिसेल.